हस्तलिखित शेऱ्यांसकट परत आलंय, आता पुढं? सीमाभागातल्या नव्या कादंबरीकारासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लिहिणारी माणसं कमी नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी गावं स्वतःच्या जोरावर साहित्य संमेलनं भरवतात. तिथं कवितेला व्यासपीठ मिळतं, कथाकथनाला टाळ्या मिळतात. पण तीनशे पानांचं बाड घेऊन शेजारी बसणारा आणि ‘हे प्रकरण इथं कशाला?’ असं तोंडावर विचारणारा माणूस गावात सहसा भेटत नाही. प्रकाशक बहुतेक पुण्या-मुंबईचे, नाहीतर कोल्हापूरचे. त्यामुळं पहिल्या कादंबरीचं संपादन आपल्याकडं होतं ते फोनवर, ईमेलवर आणि वर्डच्या फाईलमध्ये. तेही अशा माणसाबरोबर, ज्यानं वडगावचा माग किंवा खानापूरची भातलावणी कधी पाहिलेली नसते.

माझी कादंबरी बेळगाव शहरातल्या वडगाव-खासबागेतल्या यंत्रमागाच्या घरावरची, संपादकबाई पुण्याच्या. त्या कामातून जे शिकायला मिळालं ते इथं कामाच्या क्रमानं सांगतोय. गोष्ट आधी, भाषा नंतर आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका. पहिल्या दिवशीच वेलांट्या तपासायला बसलात, तर पुढं उडणाऱ्या चाळीस पानांच्या वेलांट्याही तुम्ही तपासून ठेवलेल्या असतील.

‘संपादन’ म्हणजे काय करणार, ते आधी विचारा

मराठीत लेखकाशी पत्रव्यवहार करत, कथेचे तीन-तीन खर्डे करून घेणारे संपादक होऊन गेले. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही नावं त्यासाठी आजही घेतली जातात. त्यांचं ‘सत्यकथा’ मासिक 1982 साली बंद पडलं. तशी चिकाटी आजही काही ठिकाणी आहे, पण सगळीकडं आहे असं धरून चालू नका. काही प्रकाशक ‘संपादन आमच्याकडं होतं’ म्हणतात, तेव्हा त्यांना फक्त प्रूफ वाचणं अभिप्रेत असतं. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्यांच्या बाबतीत तर हे हमखास.

म्हणून सरळ विचारा. कथानकाची बांधणी, पात्रं, प्रसंगांचा क्रम यावर कुणी टिपण देणार आहे का? वाक्यावाक्यावर भाषेचं काम होणार आहे का? की नुसतं मुद्रितशोधन? ही तीन वेगळी कामं आहेत. चांगल्या ठिकाणी ती वेगवेगळ्या वेळी होतात आणि बऱ्याचदा वेगवेगळी माणसं करतात. स्वतः पैसे देऊन संपादक नेमणार असाल, तर आधी एक प्रकरण करून मागा. त्या एका प्रकरणात कळतं, की हा माणूस तुमची गोष्ट नीट करतोय की तुमच्या जागी स्वतःची गोष्ट लिहितोय. ठरेल ते ईमेलवर घ्या. फोनवरचं ‘बघू या’ कुणाच्याच लक्षात राहत नाही.

फाईल स्वच्छ करा

आपल्याकडं अजून बरीच हस्तलिखितं डीटीपी सेंटरमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप होतात. तो फॉन्ट समोरच्याकडं नसेल, तर त्याला पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. संपादनाला पाठवायची फाईल युनिकोडमध्येच हवी. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, अवतरणचिन्हं भलत्याच खुणांमध्ये बदलतात.

युनिकोडमध्ये एक छुपी अडचण आहे. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ ही अक्षरं दोन-दोन पद्धतींनी टाईप होतात. कागदावर ती सारखीच दिसतात, पण संगणकाला वेगळी वाटतात. ‘कॉन्स्टेबल ॲडव्याप्पा’ असं पात्र अर्ध्या पुस्तकात एका पद्धतीनं आणि अर्ध्यात दुसऱ्या पद्धतीनं टाईप झालं असेल, तर नाव बदलताना शोधयंत्राला निम्मी ठिकाणं सापडतच नाहीत. सुरुवातीलाच एक पद्धत ठरवून सगळीकडं तीच करा.

बाकीचं थोडक्यात. सगळी प्रकरणं एकाच फाईलमध्ये, पानांना क्रमांक, अक्षर मोठं, ओळींत मोकळं अंतर. फाईलच्या नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरी फायनल’ अशा नावांनी आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पहिली फाईल जशीच्या तशी वेगळी जपून ठेवा.

टिपण आलं की

संपादकाचं पहिलं टिपण साधारण चार-सहा पानांचं असतं. सुरुवातीचा परिच्छेद गोड असतो, पुढचे नसतात. ते वाचा आणि त्या दिवशी उत्तर पाठवू नका, फोनही करू नका. काही दिवस गेल्यावर पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात जे अपमानासारखं वाटलं होतं, त्यातलं बरंचसं आता साधा प्रश्न वाटायला लागतं.

मग एक जाडसर वही घ्या, नाहीतर संगणकावर तक्ता करा. रकाने चार: पान, शेरा, शेरा कशाबद्दल आहे, माझा निर्णय. ‘कशाबद्दल’मध्ये शब्द ठरलेले ठेवा: कळत नाही, पटत नाही, लांबतंय, चुकीचं आहे, भाषा. सगळे शेरे उतरून झाले की तक्ता उभा वाचा. माझ्याकडं ‘कळत नाही’ असे शेरे पहिल्या साठ पानांतच गोळा झाले होते आणि ‘लांबतंय’ सगळे मधल्या भागात. शेरे सुटे वाचले असते, तर ही गोष्ट दिसली नसती. सुरुवातीला वाचकाला पुरेसं सांगितलेलं नव्हतं, म्हणून मधे मी ते सांगत बसलो होतो. पन्नास शेऱ्यांच्या मुळाशी एकच कारण होतं.

आता या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. संपादक जागा दाखवतो आणि उपायही सुचवतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका. जागेबद्दल त्याचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, कारण तिथं तो खरोखर अडखळलेला असतो. उपाय मात्र त्याला त्या क्षणी सुचलेला असतो. तुम्हाला या माणसांचं सगळं आयुष्य माहीत आहे, त्यामुळं दुसरा आणि बरा उपाय तुमच्याकडं असण्याची शक्यता जास्त.

उदाहरण देतो. माझ्या तिसऱ्या प्रकरणावर बाईंचा शेरा होता: ‘पूर्ण प्रकरण काढावे. गती मंदावते.’ त्यात आजोबांनी पहिला माग कसा घेतला, त्यासाठी मामांकडून पैसे कसे उचलले, याची हकीकत होती. सुरुवात अशी:

‘आजोबांनी 1979 साली पहिला माग घेतला. त्यासाठी त्यांनी मामांकडून पैसे उसने घेतले होते. त्या काळी वडगावात स्वतःचा माग असणे ही मोठी गोष्ट होती. मामांचे हे उपकार आजी कधी विसरली नाही.’

हे काढून टाकलं, तर शेवटी मामा घर मागायला येतात त्याला पायाच उरत नाही. तसंच ठेवलं, तर वाचक जांभया देतो. मग उसनवारी तिसऱ्या प्रकरणातून उचलून पहिल्यात नेली, आणि ती सांगितली नाही, घडवली:

‘मामा गल्लीच्या तोंडाला दिसले की आजी आत ओरडायची, माग बंद करा. चालता माग बघितला की त्यांना हिशेब आठवतो, म्हणायची. धोटा थांबला की घरातली सगळीच माणसं हळू बोलायला लागायची.’

उसने पैसे हा शब्द यात कुठंच नाही, पण वाचकाला कळलंय. तो आता या मामांची वाट बघतो. तिसरं प्रकरण राहिलं, निम्म्यानं आखडलं, आणि पुढच्या फेरीत त्यावर एकही शेरा आला नाही. प्रकरण काढायला सांगितलं होतं ते का काढलं नाही, असं बाईंनीही विचारलं नाही. त्यांना अडखळायला होत होतं, ते थांबलं.

प्रसंगांची यादी

बांधणीचं काम फाईलमध्ये करू नका. फाईल उघडली की माणूस वाक्यं घासायला लागतो. दर प्रसंगासाठी एक ओळ कागदावर लिहा: कुठं, कधी, कोण आणि प्रसंग संपताना काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहिला, तर त्या प्रसंगाकडं संशयानं बघा. लागोपाठ तीन प्रसंगांत काहीच बदलत नसेल, तर संपादकाचा ‘लांबतंय’ तिथंच कुठंतरी असतो.

याच यादीच्या शेजारी कालपट आखा: पात्रांची वयं, सण, ऋतू, शाळेची वर्षं. जूनमध्ये शाळा, श्रावणात नागपंचमी, मार्चच्या आसपास परीक्षा. एका पात्राचा गर्भारपणाचा काळ गणपतीपासून पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत लांबलेला मी एका मित्राच्या हस्तलिखितात पाहिलाय.

सीमाभागाचे तपशील: पुण्याच्या संपादकाला इथं तुमचा आधार लागतो

संपादक तपशिलांवर प्रश्न विचारतो ते चांगलंच आहे. पण आपल्या भागाचे तपशील तो महाराष्ट्राच्या हिशेबानं तपासतो. माझ्या फाईलमध्ये ‘पीयूसी’ या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या नावाच्या जागी ‘बारावी’ झालं होतं, ‘एसएसएलसी’ या इथल्या दहावीच्या जागी ‘एसएससी’, आणि 1990 सालच्या प्रसंगातल्या ‘केईबी’समोर, म्हणजे कर्नाटकच्या वीज मंडळासमोर, प्रश्नचिन्ह टाकून ‘एमएसईबी?’ असं विचारलं होतं. बाईंचा दोष नव्हता. त्यांच्या वाचकालाही हेच वाटणार. पण खासबागेतल्या पोरानं बारावी केली, तर इथला वाचक त्याच पानावर पुस्तक मिटेल.

म्हणून संपादन सुरू होण्याआधीच तपशिलांचं एक पान तयार करून पाठवा. त्यात काय असावं, ते तुमच्या कथेच्या काळावर ठरेल. काही गोष्टी मात्र जवळजवळ प्रत्येकाला लागतात.

1956 च्या 1 नोव्हेंबरपूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्या दिवशी ते म्हैसूर राज्यात गेलं. ‘कर्नाटक’ हे राज्याचं नाव 1 नोव्हेंबर 1973 पासूनचं. तेव्हा 1968 साली तुमचं पात्र ‘कर्नाटक सरकार’ला अर्ज करत असेल, तर तो अर्ज म्हैसूर सरकारला करायला लावा. एसटीचं तेच. ‘वायव्य कर्नाटक’ महामंडळ 1997 चं, त्याआधीच्या बसवर ते नाव येणार नाही. वीजबिल हेस्कॉमचं, म्हणजे हुबळीच्या वीज कंपनीचं, यायला लागलं ते 2002 नंतर. जमिनीच्या कागदाला महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, आपल्याकडं पहाणी, नाहीतर नुसताच उतारा. शहराचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं 2014 साली. पात्रांच्या तोंडी आणि निवेदनात तुम्ही काय ठेवणार, ते एकदाच ठरवून त्या पानावर लिहा.

जुना काळ असेल तर शहापूर विसरू नका. आज बेळगावातून शहापुरात जाताना कुठं काही संपलं, काही सुरू झालं असं जाणवत नाही. पण स्वातंत्र्यापर्यंत बेळगाव इंग्रजांच्या मुलखात आणि शहापूर सांगली संस्थानात. म्हणजे पोलीस वेगळे, कचेरी वेगळी. 1942 च्या चळवळीतला तुमचा पोरगा पोलिसांना चुकवून कुठं पळाला, याचं उत्तर कदाचित यातच असेल. असे तपशील संपादकाला कळवले की तो नुसतं मान्य करत नाही, उलट विचारतो: ‘मग हे कथेत का नाही?’ माझ्या बाबतीत पहाणीच्या उताऱ्याचं तसंच झालं. एका तळटीपेच्या लायकीचा कागद शेवटच्या भांडणाचं कारण झाला.

यातूनच एक नाजूक गोष्ट निघते. बेळगावची कादंबरी म्हटलं की तिकडच्या माणसाला सीमाप्रश्न हवाच असतो. ‘आंदोलन पार्श्वभूमीला फारच पुसट आहे, ते पुढं आणता येईल का?’ असा प्रश्न मलाही आला. नाही म्हणायच्या आधी तो प्रश्न पात्रांना विचारून बघा. 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी माणसांची काळ्या दिवसाची फेरी, हे त्या घरानं दर वर्षी पाहिलेलं असणार. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी तुमच्या घरात काय चालू होतं. माझ्याकडं त्या दिवशी मागावर ताण्याच्या सुताचं नवं बीम चढत होतं आणि घोषणा गल्लीतून पुढं गेल्या. तेवढंच ठेवलं आणि का ठेवलं ते बाईंना चार ओळींत लिहिलं. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुमचं पात्र रस्त्यावर असेल, तर मात्र ते पुसट ठेवून चालणार नाही. दोन्हीकडं कसोटी पात्राची. ‘बाहेरच्या वाचकाला काय अपेक्षित आहे’ ही कसोटी घेऊन बसलात, तर पुस्तक वर्तमानपत्रासारखं होतं.

बोली: हट्टानं टिकत नाही, यादीनं टिकते

भाषेची फेरी सुरू झाली की आपल्याकडच्या लेखकाच्या पोटात गोळा येतो. बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत घराघरांत ऐकू येणारं हे बोलणं पुण्याच्या पडद्यावर ढळढळीत चूक म्हणून लाल होतं. ‘लई’, ‘बघ’, ‘की’, मधेच येणारं कानडी, सगळ्यालाच खुणा पडतात.

चिडून ‘ही आमची बोली आहे, हात लावू नका’ असं लिहू नका. संपादकाला खरी अडचण असते ती विसंगतीची. तीच आजी पान 12 वर ‘जातो’ म्हणते आणि पान 90 वर ‘जाते’, मग यातली चूक कुठली आणि बोली कुठली, हे त्यानं कसं ओळखायचं?

म्हणून बोलीची यादी करा. तीन गोष्टी त्यात असाव्यात. पहिली, निवेदन कुठल्या मराठीत आहे. दुसरी, कोणतं पात्र कसं बोलतं: आजी पूर्ण बोलीत, शिकलेली नात घरात बोलीत आणि कॉलेजात प्रमाण मराठीत, मामा व्यवहाराचं बोलताना निम्मं कानडीत. तिसरी, ठरवलेली लेखनरूपं: ‘तुमच्याकडं’ की ‘तुमच्याकडे’, ‘कशाला’ की ‘कश्याला’. संवाद उच्चाराप्रमाणं लिहायला प्रमाणलेखनाच्या नियमांचीही आडकाठी नाही, हे संपादकाला माहीत असतं. त्याला फक्त तुमचा नियम हवा असतो. यादी पाठवल्यावर माझ्या फाईलमधले बोलीवरचे शेरे एकदम कमी झाले. उरले त्यातले बरेच माझ्याच यादीवर बोट ठेवणारे होते: ‘तुमच्या यादीप्रमाणे इथं ‘उतरतो’ हवं ना?’

सगळा उच्चार मात्र कागदावर उतरवायला जाऊ नका. दर शब्दाचं स्पेलिंग वाकवलं, की इथला वाचकसुद्धा अक्षरं लावत बसतो. क्रियापदाची रूपं, वाक्याच्या शेवटचे ‘की’, ‘बघ’, ‘तर’, हाक मारायच्या पद्धती, एवढं घट्ट धरलं की बाकीचे शब्द साधे असले तरी आवाज ऐकू येतो.

कानडी वाक्यांचा प्रश्न वेगळा. कंसात मराठी अर्थ देऊ नका. त्यानं संवादाचा जीवच जातो. तळटीपही शक्यतो टाळा. पुढच्या उत्तरात अर्थ उतरवा. एका बसमधला हा प्रसंग बघा:

‘यल्ली इळीतीरी, अज्जी?’
‘पिरनवाडीला उतरतो. तिथनं चालत जातो.’
कंडक्टरनं तिकीट फाडलं, नोट उलटीपालटी केली. ‘चिल्लर इल्ल.’
‘माझ्याकडं तरी कुठं आहे? ऱ्हाऊ दे, उतरताना दे.’

पुण्याच्या वाचकाला कानडीचा एक शब्द येत नसला तरी इथं तो अडत नाही. म्हातारी कानडी ऐकते, मराठीत उत्तर देते आणि कंडक्टरला तेही कळतं, हे आपल्याकडचं रोजचं जगणं समजावून न सांगता आलं. बाईंनी या चार ओळींसमोर फक्त बरोबरची खूण केली होती.

कानडी वाक्यं लिहिताना आणखी एक काळजी घ्या. कानडीत ए आणि ओ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत, आपल्या नेहमीच्या देवनागरीत तो फरक दिसत नाही. त्यात पुस्तकी कानडी आणि बेळगाव-धारवाडकडची बोलली जाणारी कानडी यांत अंतर आहे. ‘एल्ली’ की ‘यल्ली’, हे ठरवून यादीत घाला आणि ती पानं शेजारच्या एखाद्या कानडी माणसाकडून वाचून घ्या, मोठ्यानं. पुण्याचा संपादक ही चूक पकडू शकणार नाही आणि आपला कानडी वाचक ती सोडणार नाही.

कापाकापी

कधीतरी फोन येतो: ‘वीस पानं कमी करता येतील का?’ कारण पुष्कळदा वाङ्मयीन नसतं, छपाईचं असतं. पुस्तक फर्म्यांत छापतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम बरीच पानं छापून त्याची घडी घालतात. डेमी आकाराच्या पुस्तकाचा एक फर्मा साधारण 16 पानांचा. एका पानावर अडीचशे ते तीनशे शब्द धरले, तर 80,000 शब्दांची कादंबरी 290 पानांच्या आसपास जाते. 18 फर्म्यांची पानं होतात 288. दोन-तीन पानं जास्त झाली की अर्धा नाहीतर अख्खा फर्मा वाढतो आणि किंमतही. म्हणून विचारा: कशासाठी कमी करायची? फर्म्यासाठी असतील, तर ओळींतलं अंतर, प्रकरणाची सुरुवात नव्या पानावर करायची की नाही, अशा गोष्टींतही ती पानं निघतात.

कथेसाठी कापायचं असेल, तर आधी संवादानंतरची स्पष्टीकरणं काढा. पात्र रागानं ताट सरकवतं आणि पुढच्या ओळीत ‘तिला खूप राग आला होता’ असं येतं. अशा ओळी प्रत्येकाच्या पहिल्या कादंबरीत शंभरानं असतात. मग एकाच कामाची दोन पात्रं शोधा. दोन शेजारणी असतील, तर एकीवर भागतं का ते बघा. काढलेलं सगळं वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. परत लागत नाही सहसा, पण ते तिथं आहे म्हटल्यावर हात चालतो.

वाद घालायचा कधी

प्रत्येक शेऱ्यावर भांडलात, तर संपादक शेरे देणं थांबवतो. आणि तो गप्प झाला म्हणून पुस्तक सुधारलं, असं होत नाही. उलट सगळंच ‘ॲक्सेप्ट ऑल’ करून टाकलंत, तर त्यालाही कळतं की तुम्ही वाचलेलंच नाही. तक्त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यावरून ज्या दोन-तीन जागा तुमच्यासाठी खरोखर मोडता येणार नाहीत त्या बाजूला काढा आणि फक्त त्यांच्यासाठी फोनची वेळ मागा. बाकीचं लिहून कळवा. फोन झाला की ठरलेलं लगेच ईमेलवर टाका: ‘आज बोलल्याप्रमाणे शेवट तसाच राहतो, नवव्या प्रकरणाचा क्रम बदलतो.’

नकार देताना कारण कथेतलं द्या. ‘मला असंच हवंय’ याला उत्तर नसतं, म्हणून त्यावर चर्चाही होत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी शेवटचा शब्द कुणाचा, लेखकाच्या संमतीशिवाय मजकुरात बदल होईल का, संपादकाचं नाव कुठं येणार, अनुवादाचे आणि ईबुकचे हक्क कुणाकडं, हे वाचून घ्या. आपल्याकडं साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो. एवढ्या मोठ्या मुदतीची गोष्ट ‘नमुना करार आहे, सगळेच करतात’ म्हटल्यावर सही करून टाकायची नसते. कानडी अनुवादाचा मुद्दा तर आपल्या भागातल्या लेखकानं आवर्जून बघावा. त्याची शक्यता आपल्या पुस्तकाला इतरांपेक्षा जास्त असते.

प्रूफ

आता कुठं वेलांट्यांची पाळी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे 14 आणि 1972 मध्ये वाढवलेले 4, मिळून 18. मुद्रितशोधक त्यांप्रमाणं काम करतो, आणि तुमच्या बोलीला सगळ्यात मोठा धोका इथंच असतो. संपादकाबरोबर झालेल्या चर्चा त्याला माहीत नसतात. ‘मी जेवलो’ म्हणणारी आजी त्याच्या हाताखालून ‘मी जेवले’ म्हणत बाहेर येते. बोलीची यादी आणि तपशिलांचं पान ही दोन्ही त्याच्यापर्यंत पोचलीत का, हे स्वतः विचारा. प्रकाशकाच्या कार्यालयात पाठवली म्हणजे त्याच्या टेबलावर गेली, असं नसतं.

प्रूफ कागदावर वाचा. एकदा नुसते संवाद, एकदा नुसती नावं आणि सालं, एकदा सलग. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर नेताना कधीकधी पुन्हा फॉन्ट बदलतो, म्हणून ‘ऱ्या’, ‘ॲ’, रफार, अवतरणचिन्हं आणि कानडी ओळी यांच्यावर परत नजर फिरवा. ओळीच्या शेवटी शब्द कुठं तुटलाय तेही बघा. या टप्प्यावर वाक्यं नव्यानं लिहू नका. एक ओळ वाढली की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते, आणि ज्यानं मांडणी केलीय त्याचा तुमच्या नावावरचा राग पुढच्या पुस्तकापर्यंत टिकतो.

मलपृष्ठाचा मजकूर आणि लेखकपरिचय हे शेवटच्या घाईत कुणीतरी तिकडं लिहून टाकतं. तेही मागवून घ्या. माझ्या मलपृष्ठाच्या पहिल्या खर्ड्यात वडगावचा ‘कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात’ असा उल्लेख होता.